सायकलची उजवी पोटरी

धुळ्याला बदली झाल्यावर देवपुरात भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, सोबत कोण कोण राहणार तेही विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी माझ्या सलवारीच्या उजव्या पायावरचा काळा डाग पाहिला आणि म्हणाले, "चेन ढिली शे."

मी शाळेत गणित शिकवते. सिद्ध केल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही. मी म्हटलं, सायकल तर गेटाबाहेर आहे, तुम्ही ती पाहिलीसुद्धा नाही. त्यावर त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की डाग ठिपक्यासारखा असता तर चेन मळकी आहे एवढंच कळलं असतं. हा लांब ओढलेला आहे, म्हणजे चेन हेलकावे खाते. मग ते उठले, बाहेर गेले, सायकलीशी उकिडवे बसले आणि पायडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चेनजवळच्या नळीवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा असा झाला, की जणू माझ्या सायकलीला ताप आहे. "पोटरी उघडी शे," ते अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ओरडून सांगत होते. अक्कांनी आतून विचारलं, बाई शाकाहारी आहे का ते विचारलंत का. ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, मीही म्हणू लागले. सायकलीच्या त्या नळीला 'पोटरी' हे नाव नानांनीच दिलेलं. त्यांचं म्हणणं असं, की सायकलीला सगळे तेल पाजतात, हवा भरतात, घंटी बसवतात, पण पोटरीकडे कुणी बघत नाही. खड्डा आला की चेन उसळते आणि पोटरीवर आपटते. आज रंगाचा टवका उडतो, उद्या ओरखडा पडतो. लोखंड असेल तर गंजतं, ॲल्युमिनियम असेल तर झिजतं, आणि एके दिवशी बाईसाहेब रस्त्यात. बाईसाहेब म्हणजे मी.

नाना बसगाड्यांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. दुकान त्यांनी कधी टाकलं नाही. ट्रकच्या जुन्या ट्यूबा कुठून कुठून गोळा करायच्या, रात्री अक्कांच्या मालिका चालू असताना मांडीवर घेऊन त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या, आणि दिवसा त्या दिसेल त्या सायकलीच्या पोटरीला गुंडाळायच्या, एवढाच उद्योग. दुसऱ्या घरांत टीव्हीपुढे गवार निवडतात, आमच्याकडे ट्यूब. ट्यूबच्या आतली पांढरी भुकटी सोफ्यावर, गालिच्यावर, एकदा तर श्रीखंडावर. अक्का म्हणायच्या, माझ्या लग्नाला पन्नास वर्षं झाली आणि अजून घरात रबराचा वास येतो.

कुणाला विचारून पट्टी बांधण्याची भानगड नव्हती. दूधवाला माप घालून परत येईपर्यंत त्याच्या सायकलीला पट्टी. पेपरवाल्याच्या सायकलीला पट्टी. पाचकंदील चौकाजवळ एका अनोळखी माणसाची सायकल उभी दिसली, नाना पिशवी टेकवून तिथेच बसले. मालक भाजी घेऊन आला आणि त्यानं चोर समजून नानांची कॉलर धरली. नाना म्हणाले, एक हात रिकामा असेल तर हे टोक धर. मी दहा मिनिटांनी तिथे पोचले तेव्हा मालक मेथीची जुडी काखेत मारून पट्टी ताणून उभा होता आणि आपल्या मेव्हण्याच्या सायकलीचं दुखणं सांगत होता.

पट्टी बांधायचे त्यांचे नियम होते आणि ते गणिताच्या नियमांइतकेच कडक होते. सुरुवात चाकाकडून करायची आणि पायडलकडे यायचं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर निम्मा चढला पाहिजे, म्हणजे पाणी आणि माती आत शिरत नाही. ताण सारखा. शेवट नळीच्या खालच्या अंगाला, आणि टोक शेवटच्या वेढ्याखालून ओढून घट्ट करायचं. नाना डावखुरे होते, त्यामुळे त्यांची गाठ उलटी पडायची. तशी गाठ मला आजतागायत जमलेली नाही.

सकाळी सातला चहा घेऊन ते ओट्यावर बसत आणि डोळे मिटून गल्ली ऐकत. गटाराच्या पाइपासाठी खणलेला एक आडवा चर आमच्या दारासमोर अर्धवट बुजवलेला होता. येणारी प्रत्येक सायकल तिथे दणका खायची. दणक्यापाठोपाठ 'टक' वाजलं, तर चेन उघड्या नळीवर आपटली. 'ठप' वाजलं, तर पट्टी आहे. काहीच वाजलं नाही, तर चेन नीट ताणलेली, आणि मग नाना मान डोलावून चहाचा घोट घेत. "सायकल बोलस, तुम्हीच ऐकतस नही," हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. नगरसेवकानं तो चर बुजवायला माणसं पाठवली, तेव्हा साऱ्या प्रभागात विरोध करणारे नाना एकटेच. चर बुजला, नाना महिनाभर उदास होते. पावसाळ्यात तो पुन्हा खचला आणि अक्कांनी त्या दिवशी शिरा केला.

आता माझी चूक सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय नाना कळायचे नाहीत.

चाळिशीच्या आसपास मी धुळ्यातल्या एका सायकल ग्रुपमध्ये जाऊ लागले. दर रविवारी लळिंगच्या किल्ल्यापर्यंत जायचं आणि पोह्यांना परत यायचं. ग्रुपचे म्होरके एक कापडवाले शेठ होते, माणूस लाख, पण सायकल इतकी महाग की ते तिला घरात गादीवर ठेवत. एकदा किल्ल्याच्या पायथ्याशी सगळ्या सायकली ओळीत लावून फोटो काढत होतो, तेव्हा शेठनी माझ्या काळ्या रबरी पट्टीकडे बघून काळजीनं विचारलं, "मॅडम, सायकलला फ्रॅक्चर आहे का?" सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन कात्रीनं पट्टी कापली आणि चाचणी परीक्षेच्या पेपरांखाली ड्रॉवरमध्ये लपवली.

पण चर होता ना. दारासमोरून गेले की 'टक' वाजणार आणि ओट्यावरचे नाना डोळे उघडणार. म्हणून दीड महिना मी, गणिताची पदव्युत्तर बाई, रोज सकाळी चर आला की खाली उतरून सायकल उचलून पलीकडे नेत होते. नानांना वाटायचं माझी चेन किती छान ताणलेली आहे. ते मान डोलावून चहाचा घोट घ्यायचे आणि मला शाळेपर्यंत अपराधी वाटायचं.

मग एका रविवारी लळिंगच्या चढावर मी गियर उशिरा बदलला, तोही पायडलवर सगळा जोर देऊन. चेन आतल्या बाजूला घसरली आणि दातेरी चक्र आणि नळी यांच्यामध्ये अडकली. मला वाटलं, पायडल जड झालंय. मी आणखी जोर लावला. करकर असा आवाज आला, तो ऐकूनही मी पुन्हा एकदा जोर लावला. खाली उतरून बघते तो पोटरीवरचा दोन बोटं रंग गेलेला आणि त्याखालचं ॲल्युमिनियम खरवडून वर आलेलं.

तो दिवस कुठला होता, तर आईच्या पंचाहत्तरीच्या बरोबर आठ दिवस आधीचा. आई जळगावला. आमच्या लहानपणी घरात सायकल आली ती भावासाठी. हिलाही शिकवा, असं आई वडिलांना म्हणाली होती, पण मुलींची शाळा जवळच होती आणि विषय तिथंच संपला. आई स्वतः तर सायकलीच्या सीटवर कधी बसलीच नाही. मी या वयात सायकल शिकले याचा तिला माझ्या दोन पदव्यांपेक्षा जास्त आनंद होता. तिच्या पंचाहत्तरीला मी धुळ्याहून सायकलनं येईन, असं तीन महिन्यांपूर्वी बोलून बसले होते, आणि तिनं ते सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. भरताची हिरवी वांगी कुणाच्या मळ्यातून आणायची तेही ठरलं होतं. नव्वदेक किलोमीटर, आणि माझ्या सायकलीची पोटरी फाटलेली. नळीला बारीक चीर गेली असेल तर वाटेत ती केव्हाही मोडणार.

सायकल ढकलत घरी आले. नाना ओट्यावर होते. म्हणाले, आज सायकल ढकलत आणलीस, काय झालं. मी जे होतं ते सगळं सांगितलं, कात्रीसकट. त्यांनी पट्टी मागितली. मी ड्रॉवरमधून आणून दिली. ती बोटांवर फिरवत ते फक्त एवढंच म्हणाले, की कापायची नसते, सोडायची असते. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग दुरुस्ती सुरू झाली. आधी बारीक पॉलिश पेपरनं खरवडलेल्या कडा गुळगुळीत केल्या, कारण खरबरीत कड ठेवली की फूट तिथूनच सुरू होते. नंतर वर्कशॉपमध्ये बसचे ॲक्सल तपासायची त्यांची जुनी रीत. जखमेवर रॉकेल लावायचं, अर्धा तास मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. रेघ उमटली की गाडी उभी, मग कुणाचाही वशिला चालत नाही. खडू माझ्या शाळेतला. तो अक्कांनी खलबत्त्यात कुटून दिला आणि आता आठवडाभर आल्याच्या चहाला फळ्याची चव येणार, हेही सांगितलं.

आम्ही तिघं त्या पांढऱ्या ठिपक्याभोवती वाकून बसलो. नानांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अक्का, तू दख." अक्कांनी पाहिलं, नाही म्हणाल्या. "ताई, आते तू दख. नीट दख." मी टॉर्च लावून पाहिलं. रेघ नव्हती. "बरोबर," नाना म्हणाले, अगदी मी फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीला म्हणते त्याच सुरात. मला वाटलं, आमची परीक्षा घेतायत.

उघड्या धातूवर रंग हवा होता. नानांनी अक्कांकडे नेलपॉलिश मागितलं. अक्कांकडे नातवाच्या लग्नात घेतलेली डाळिंबी रंगाची एक बाटली होती, एकदाच लावलेली, फ्रिजमध्ये जपून ठेवलेली. माझी सायकल निळी. मी म्हटलं, निळं मागवू या. नाना म्हणाले, रंग शोभेसाठी नाही. नेलपॉलिश वाळलं की ठिसूळ होतं, खाली चीर पडली तर आधी ते तडकेल आणि आपल्याला कळेल. म्हणून जखम उघडीच ठेवली, तिच्यावर दोन हात डाळिंबी, आणि बाकीच्या पोटरीला नवी पट्टी. पट्टी बांधायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. दोन-तीन वेढे वाकडे पडलेत असं मला वाटलं, पण पट्टी कापणारी मी कुठल्या तोंडानं बोलणार?

रविवारी पहाटे शेठ आणि मी निघालो. थंडी मी म्हणत होती. फागणं मागे पडलं, मुकटी मागे पडलं, कापूस वेचून झालेली शेतं दोन्ही बाजूंना. प्रत्येक गियरला मी पाय हलका करत होते आणि प्रत्येक खड्ड्याला कान टवकारत होते. 'ठप' वाजलं की जीव भांड्यात पडायचा.

पारोळ्याच्या बसस्टँडजवळ रस्त्याच्या कडेला मफलर बांधून, हातात कापडी पिशवी घेऊन नाना उभे होते.

पंचाहत्तरी ओलांडल्यापासून त्यांना एसटीत तिकीट लागत नव्हतं, एवढं मला माहीत होतं. त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी थांबले. नाना म्हणाले, "तू दख." मी वाकून डाळिंबी ठिपका पाहिला. "रेघ?" नाही म्हटलं. "जाय." एवढं बोलून ते एरंडोलच्या गाडीकडे चालू लागले. शेठ जाता जाता त्यांना हळूच म्हणाले, नाना, माझ्याही सायकलीला तेवढी पट्टी होईल का? नाना मागे न बघता म्हणाले, "जळगावले बांधसूत."

एरंडोलला पुन्हा तेच. मफलर, पिशवी, तू दख, रेघ, नाही. पण या वेळी समोर एक गाडी येऊन लागली आणि नानांनी मला विचारलं, ती गाडी कुठली आहे. गाडीच्या कपाळावर हातभर अक्षरांत 'जळगाव' लिहिलेलं होतं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या सलवारीवरचा डाग ओट्यावरून वाचणारा हा माणूस. मग मला खडूची पूड आठवली, अक्का तू दख, ताई तू दख, आणि ते वाकडे वेढे. मी सरळ विचारलं, "नाना, त्या दिवशी तुम्हाला रेघ दिसली असती का?"

"मन्हा डोयास्ले आते काहीच बारीक दिखस नही," ते म्हणाले. "दोन वरीस व्हई गयात."

मला संताप आला, खोटं कशाला बोलू. साठेक किलोमीटर मी या माणसाच्या 'बरोबर'वर आले होते. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, मी पाहिलं नाही, पण अक्कानं पाहिलं, तू पाहिलंस; अक्काला रात्रीच्या अंधारात डाळीतला खडा दिसतो. तरी घरी झोप लागेना, म्हणून तर आलो. मोतीबिंदू काढून घ्यायचा तर डॉक्टर महिनाभर वाकू देत नाहीत, धुळीत बसू देत नाहीत. आणि गल्लीला कळलं की नानाला दिसत नाही, तर सायकली कोण उभ्या करणार? हे सगळं एरंडोलच्या बसस्टँडवर, पिशवी छातीशी धरून. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांना हाताला धरून जळगावच्या गाडीत बसवलं आणि आयुष्यात चालवली नव्हती इतक्या जोरात सायकल चालवली. बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला तेव्हा मी मोठ्यानं गात होते. शेठ मागून साथ देत होते, तेही बेसूर.

आमच्या गल्लीत सगळे दारात उभे होते. आई ताम्हण घेऊन पायरीवर, आणि तिच्याशेजारी खुर्चीवर नाना, चहा पिऊन झालेले. आईनं मला ओवाळलं, मग सायकलीला कुंकू लावायला वाकली आणि थबकली. "इथं आधीच लावलंय की कुणीतरी," ती म्हणाली. तो अक्कांचा डाळिंबी ठिपका होता. तडा न गेलेला, अख्खा. आईनं त्यावरच आणखी एक बोट कुंकू टेकवलं. मग नानांनी हँडल धरलं, मी सीट धरली, आणि पंचाहत्तर वर्षांची माझी आई पदर खोचून सायकलीवर बसली. आम्ही तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. ती सगळा वेळ घंटी वाजवत होती. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

जेवताना मी सगळ्यांसमोर नानांच्या डोळ्यांचा विषय काढला. ही माझी फितुरी, पण मला तिचा अजिबात पश्चात्ताप नाही. आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं तीन वर्षांपूर्वी झालेली. ती त्यांच्या पानात भरीत वाढत म्हणाली, "करून घ्या भाऊ. फक्त एक सांगते, नंतर घरी आल्यावर जपा. मला आधी माझाच स्वयंपाकाचा ओटा दिसला, आणि इतकी वर्षं आपण हे असं घासत होतो, म्हणून मी दिवसभर कुणाशी बोलले नाही." दुपारी अंगणात बसून त्यांनी शेठच्या सायकलीला पट्टी बांधली आणि शेठनी दुसरं टोक धरलं.

पंधरा दिवसांत एक डोळा झाला, मग दुसरा. अक्कांनी महिनाभर त्यांना वाकू दिलं नाही. ओट्यावर खुर्ची आणि काळा चष्मा. गल्लीतल्या सायकली मुद्दाम चरावरून जायच्या, त्यांची करमणूक व्हावी म्हणून. महिना संपला त्या सकाळी ते थेट जिन्याखाली गेले, जिथं माझी सायकल असते. मी शाळेला निघाले होते. ते पोटरीपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ हलले नाहीत.

"हाई कोनी बांधेल शे?" त्यांनी विचारलं. इतका तुच्छ सूर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हटलं.

मग जे सुरू झालं ते सुरू झालं. वेढा निम्मा चढतो का हा? इथं फट आहे, इथं दोनदा आलीय, ताण तर कुठंच सारखा नाही. पाच वर्षं या घरात राहून हेच शिकलीस का, मुलांना गणित तरी नीट शिकवतेस की तेही असंच. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनातून इतकी खूश होते की शाळेचा पहिला तास बुडाला तरी चालेल असं वाटत होतं. बोलता बोलता ते खालच्या अंगाला शेवट शोधायला गेले, टोक मोकळं करायला. तिथं त्यांची बोटं थांबली.

गाठ उलटी होती.

त्यांनी ती नीट पाहिली, आता त्यांना सगळंच नीट दिसत होतं. मग माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे, पण अक्कांना तोवर आत काहीतरी करपल्याचं आठवलं होतं.

"गाठ तेवढी चांगली शे," नाना म्हणाले. त्यांनी ती हलक्या हातानं सोडली, पिशवीतून नवी पट्टी काढली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर."